बसाले जाणारी मालकीण

तिचं नाव मला पक्कं ठाऊक आहे, पण इथे लिहिता यायचं नाही. ती माझी भुजली, आणि भुजलीचं नाव घ्यायचं नसतं.

तुमसर-सिहोऱ्याकडे नागपंचमीच्या सुमारास बायका टोपलीत माती घालून गहू पेरतात. टोपली घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवून तिला रोज पाणी घालतात. उजेड नसल्यामुळे कोंब हिरवे न येता पिवळेधम्म येतात. तीच भुजली. राखीच्या दुसऱ्या दिवशी टोपल्या डोक्यावर घेऊन, गाणी म्हणत सगळ्याजणी तलावावर जातात, माती धुऊन टाकतात आणि ते कोंब एकमेकींच्या कानामागे खोवतात. ज्या दोघी चारचौघींसमोर ठरवून कोंब बदलतात त्या जन्मभराच्या भुजल्या. मग एकमेकींना नावानं हाक मारायची नाही, भुजली म्हणायचं. एकीच्या घरचं लग्न ते दुसरीच्या घरचं, एकीचं सुतक तेही दुसरीचं. ही रीत छत्तीसगडाकडून आली म्हणतात. आमच्या घरी ती नव्हती. आम्ही बौद्ध, व्रतवैकल्यांना घरात थारा नव्हता. पुढे माझी बदली भंडाऱ्याला झाली त्या वर्षी माझ्या सिहोऱ्याच्या घरमालकिणीनं माझ्याही कानामागे कोंब खोवला, तेव्हा मी आईला ते भीत भीत सांगितलं. आई म्हणाली, गव्हाचे कोंबच ना ते, खोवले तर खोवले.

साधारणपणे एका बाईला एक भुजली असते. आमच्या मालकिणीला किती होत्या हे तिलाही सांगता आलं नसतं. गावातल्या जुन्या बायका नाकं मुरडायच्या, भुजल्या काय वांगी आहेत टोपलंभर घ्यायला, म्हणायच्या. आणि नाव घ्यायचं नाही म्हटल्यावर ही सगळ्यांना भुजलीच म्हणणार. बाजारात ती 'ए भुजली' म्हणून ओरडली की भाजीवाल्यांच्या ओळीत एक मान इकडे वळायची, एक तिकडे वळायची, आणि जिला बोलावलं ती नेमकी मुरमुऱ्याच्या ढिगाकडे बघत उभी असायची. मालकीण चिडून म्हणायची, "तू नाही वं, ती भुजली." मग सगळ्याच तिच्याकडे चालत यायच्या.

या भुजल्या कोण, तर ज्यांना गावात कोणी हाक मारत नसे अशा. कुणाला बाळंतपणानंतर जे लागलं ते सुटलंच नव्हतं, कुणाला नवऱ्यानं परत आणून सोडलं होतं, कुणाच्या कानात कुणीतरी बोलायचं. गाव सगळ्यांना पागल म्हणून मोकळं व्हायचं. घरचे त्यांना मागच्या खोलीत ठेवायचे, जेवायला घालायचे, आणि पाहुणे आले की दार ओढून घ्यायचे. अशा घरी मालकीण बसायला जायची. तिच्या कामाचं नाव एवढंच. 'बसाले जातो' म्हणायची आणि निघायची.

मी सिहोऱ्याच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले तेव्हा आणीबाणी उठून थोडेच दिवस झाले होते. खोली शोधत हिंडत होते. दोन घरांनी खोली रिकामी असून नाही म्हटलं. कारण त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आडनाव ऐकल्यावर चेहरे कसे बदलतात ते मी लहानपणापासून बघत आले होते. पुढच्या घरी ओसरीवर एक उंच, हाडापेराची बाई सरोत्यानं सुपारी कातरत बसली होती. शेजारी पुरुषी काळी छत्री. हीच मालकीण. नवरा वारलेला, धानाची गिरणी पुतण्या बघायचा. तिनं आडनाव विचारलंच नाही. सुपारी खाते का, विचारलं. मी नाही म्हटलं.

"मंग बसता तरी येते का?"

मला वाटलं, बस म्हणते आहे. मी पायरीवर बसले. ती कातरत राहिली. मी काय बोलावं या विचारात गप्प राहिले, तीही गप्प. अंगणातली कोंबडी दोनदा येऊन गेली. बऱ्याच वेळानं तिनं सरोता मिटला आणि म्हणाली, "येते तुले. सामान घेऊन ये."

खोलीच्या भाड्यासोबत रविवारही द्यावा लागतो हे मला नंतर कळलं. रविवारी तिच्यासोबत बसायला जायचं. तिचे नियम विचित्र होते आणि ते मोडले की ती छत्रीच्या टोकानं ढोसायची. बरं वाटतं का, हे विचारायचं नाही. घड्याळाकडे बघायचं नाही. खाऊ न्यायचा नाही. नेला की आपण देणारे ठरतो, म्हणायची. घरात जायचं ते मागच्या दारानं, वाडीतून, गोठ्याला वळसा घालून. कारण आपण जिच्याकडे आलो ती मागे आहे, पुढे नाही. आणि एकदा बसलं की बसायचं. कधी कधी तर ती भिंतीला टेकून चक्क घोरायची. मी लाजेनं अर्धी व्हायचे. बाहेर पडल्यावर मी काही बोलले तर म्हणायची, तिच्याजवळ कोणाला झोप लागली असं किती दिवसांत झालं नसेल, विचार कर.

हे सगळं ती का करते, हे मी तिला अनेकदा विचारलं. दर वेळी उत्तर वेगळं. एकदा म्हणाली, गुडघे गेले, आता बसण्याशिवाय येतंय काय. एकदा म्हणाली, स्वतःच्या घरी बसलं तर लोक आळशी म्हणतात, दुसऱ्याच्या घरी बसलं तर भली बाई म्हणतात. सरकारी दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरला तिच्याबद्दल कुणीतरी सांगितलं. तो बिचारा मोठ्या कौतुकानं भेटायला आला आणि तुम्ही त्यांच्यासाठी नेमकं काय करता म्हणून विचारू लागला. काही नाही जी, बसतो, ती म्हणाली. त्यानं विचारलं, म्हणजे समजूत घालता का? ती म्हणाली, माझीच अजून कोणी घातली नाही. पण जाताना तिनं त्याच्याकडून नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात मेंदूचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात ते काढून घेतलं. गोळी डॉक्टरची आणि बसणं आपलं, यात तिचा घोळ कधी नव्हता.

आता सगुणाचं सांगते. आमच्या गल्लीच्या टोकाला तिच्या भावाचं घर होतं. धानाची शेती, खाऊनपिऊन बरं घर. सगुणा सासरहून परत आली ती मागच्या खोलीत गेली, तिथून बाहेर निघाली नव्हती. खोलीत बांबूचा मोठा ढोला होता, धान साठवायचा. त्या ढोल्यातून कोणीतरी आपल्याशी बोलतं, असं ती म्हणायची. कधी त्याच्याशी भांडायची, ते शेजारपर्यंत ऐकू यायचं. गल्लीतली पोरं तिच्या नावाच्या आधी पागल लावून ओरडत पळायची. तिचं नाव त्यापलीकडे कोणाच्या तोंडात उरलं नव्हतं.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा वैशाख होता. सगुणा भिंतीकडे तोंड करून बसलेली. भावजय पितळेच्या गडव्यात थंड पाणी घेऊन आली. मी हात पुढे करणार तोच छत्रीचं टोक माझ्या पायावर आलं.

"आमी तिच्या पाहुण्या आहोन, तुह्या नाही," मालकीण म्हणाली. "ती देईल तं पिऊ."

भावजयीनं गडवा सगुणाच्या शेजारी ठेवला आणि निघून गेली. सगुणानं तिकडे बघितलंही नाही. आम्ही त्या कोंदट खोलीत घाम पुसत बसलो आणि तशाच तहानलेल्या घरी आलो. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्याही रविवारी तेच. मी मनात मालकिणीला काय काय म्हणत होते ते तिला कळलं असतं तर खोली गेली असती. मग मृगाच्या तोंडावर एकदा, फार उकडत होतं, मालकिणीला ठसका लागला. काही केल्या थांबेना. सगुणानं मान वळवली. गडवा उचलला आणि भिंतीकडे बघतच हात लांब केला. मालकीण घटाघटा प्यायली, उरलेलं मला दिलं, आणि पाणी कोमट आहे म्हणून सगुणाकडे तक्रार केली. मला तो ठसका खोटा वाटला होता. आजही वाटतो.

त्यानंतर सरोत्याची वेळ आली. मालकिणीनं सुपारी आणि सरोता सगुणासमोर ठेवला. दारातून भावजय किंचाळलीच. तिच्या हाती लोखंड देऊ नका, काय करेल नेम नाही, म्हणाली. मालकीण शांतपणे म्हणाली, सुपारी कातरेल, दुसरं काय करेल. आणि सगुणानं कातरली. लहानपणी आजोबांजवळ बसून शिकलेला हात असावा. चकत्या अशा पातळ की त्यातून पलीकडचं बोट दिसावं. मालकीण जन्मभर सुपारी कातरत आली होती, पण तिचे तुकडे म्हणजे ढेकळं. तिनं एक चकती उजेडात धरली आणि खरोखर हेवा वाटून तोंड वाकडं केलं. त्या दिवशी सगुणा तिच्याशी पहिल्यांदा बोलली. ढोल्याकडे मान करून म्हणाली, "तो म्हनते तू चोर आहेस."

"सुपारीची हाय," मालकीण म्हणाली. "त्याले कसं कळलं?"

सगुणा हसली. भावजय दारातच उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. या घरात ते हसू तिनं कधी ऐकलंच नव्हतं.

त्याच पावसाळ्यात भावाच्या मुलीला आंबागडचं स्थळ सांगून आलं. चांगलं स्थळ, मुलगा वनखात्यात. पाहुणे दिवाळीनंतर मुलगी बघायला येणार होते. आणि भावानं ठरवलं की त्याआधी सगुणाला दूरच्या एका मठात नेऊन ठेवायचं. ठेवायचं म्हणजे सोडायचं. तिथे गेलेलं कोणी परत आलेलं गावानं पाहिलं नव्हतं. भाऊ दुष्ट नव्हता. आमच्या ओसरीवर येऊन तो मालकिणीसमोर रडला. आत्या पागल आहे म्हटल्यावर माझ्या पोरीला कोण करेल, म्हणाला. राखी बांधून घेतो आणि दुसऱ्या दिवशी निघतो, गाडी सांगितली आहे.

मालकीण नुसती मान हलवत राहिली. तो गेल्यावर मी तिच्यावर ओरडले, की तुम्ही गप्प कशा बसता. ती म्हणाली, टोपली कुठे आहे ते विसरली का.

मी विसरले होते. नागपंचमीला तिनं आपली भुजलीची टोपली सगुणाच्या खोलीत नेऊन ठेवली होती. माझ्या घरी उजेड फार, तुझ्या खोलीत अंधार चांगला, तेवढं पाणी घाल, असं सांगून. सगुणा ढोल्याशी भांडण थांबवून टोपलीला पाणी घालत होती. आणि जिनं पाणी घातलं तिनंच टोपली डोक्यावर घेऊन तलावावर न्यायची असते. दुसऱ्या कोणी नेली तर घराला लागतं, असं सिहोऱ्यातली प्रत्येक बाई मानते, आणि भावजय तर उपासतापासवाली.

राखीच्या दुसऱ्या दिवशी गाडीवाला येऊन उभा राहिला आणि भावजय नवऱ्याला आडवी आली. आधी भुजली तलावात जाऊ दे, मग काय करायचं ते कर, म्हणाली. मालकीण नेहमीप्रमाणे मागच्या दारानं आली. सगुणाला नवं लुगडं नेसवलं आणि टोपली डोक्यावर दिली. सगुणा उंबऱ्यावर थबकली. कित्येक वर्षांत तिनं गल्ली पाहिली नव्हती. उजेडानं तिचे डोळे मिटत होते. मालकिणीनं छत्री उघडून तिच्यावर धरली आणि त्या दोघी बायकांच्या रांगेत शिरल्या. पोरं ओरडली नाहीत. भुजली डोक्यावर असलेल्या बाईला कोणी काही बोलत नाही.

तलावावर मालकिणीनं टोपली धुतली, पिवळा कोंब सगुणाच्या कानामागे खोवला आणि आपला कान पुढे केला. सगुणानं कोंब खोवला तो कानामागे कमी आणि केसांत जास्त. काठावरच्या सगळ्या बायकांनी पाहिलं. नाकं मुरडणाऱ्यांनीही पाहिलं.

परतताना मालकीण भावाच्या ओसरीवर गेली. पुढच्या दारानं, पहिल्यांदाच. गाडी उभी होती.

"आता ते तुही बहीन हाय तशी माही भुजली हाय," ती म्हणाली. "न्यायची असंल तं मले इचारून ने. आन मी नाही म्हनतो."

भुजलीचं नातं मोडायची भावाची छाती नव्हती. गाडी रिकामी गेली.

त्याच आठवड्यात आम्ही तिघी एसटीनं नागपूरला गेलो. दवाखान्यात खिडकीतल्या माणसानं विचारलं, पेशंटचं नाव. मालकीण म्हणाली, भुजली. तो म्हणाला, खरं नाव. ती म्हणाली, आम्हाला घेता येत नाही जी. मागे रांग वाढत होती, लोक कुरकुरत होते. मी सांगायला तोंड उघडलं तर छत्रीचं टोक माझ्या पायावर. खिडकीतला माणूस वैतागून म्हणाला, अहो नाव नाही तर कागद कसा करू? मालकिणीनं हात उडवले आणि सगुणाकडे बघितलं. सगुणानं खिडकीची जाळी धरली.

"सगुणा," ती म्हणाली. मग जरा मोठ्यानं, "सगुणा लिहा."

मला भर रांगेत रडू आलं. मालकीण मात्र छत्री झटकत म्हणाली की हिला बोलता येतं तर इतका वेळ मला का उभं केलं.

गोळ्या सुरू झाल्या. ढोला गप्प झाला असं नाही, पण त्याचा आवाज खाली आला. सगुणा म्हणायची, आता तो कुजबुजतो, मी ऐकलं न ऐकलं करते. ती वाडीत बसू लागली, मग ओसरीवर.

दिवाळी झाली. मंडईच्या जत्रांचे दिवस, गावोगाव दंडारीचे खेळ आणि पाहुणे, त्यातच आंबागडचे लोक आले. भाऊ सकाळपासून मालकिणीच्या विनवण्या करत होता की तेवढा वेळ तिला आत राहू द्या, माझ्या पोरीचं एवढं पार पडू द्या. मालकिणीनं काहीच कबूल केलं नाही. पाहुणे बैठकीत बसले तेव्हा सगुणा कोपऱ्यात पितळी ताटात सुपारी कातरत होती आणि मालकीण तिच्या शेजारी खांबाला टेकून होती. एका शब्दावर त्या पोरीचं लग्न आणि सगुणाचं घर, दोन्ही टांगलेलं होतं.

मुलाच्या आईनं विचारलं, ही कोण. भाऊ चाचरला. "ते... आमच्याकडे कामाले..."

"माही भुजली हाय," मालकीण म्हणाली. "आन याची सख्खी बहीन. डोकं फिरते तिचं, ढोल्यातून आवाज येते म्हनते. नागपूरचं औषध चालू हाय. सुपारी घ्या."

भावानं डोळे मिटून घेतले. मुलाच्या आईनं ताटातली एक चकती उचलली, उजेडात धरली, तोंडात टाकली, आणि कितीतरी वेळ चघळत राहिली. मग पदर सारखा केला.

"आमच्या घरी बी हाय," ती म्हणाली. "माही ननंद. तुमाले सांगा का नाही सांगा, वाटभर हेच चालू होतं आमचं. सांगतलं तं सोयरीक मोडंल म्हनून भेत होतो." तिनं सगुणाकडे पाहिलं. "हिच्यापाशी तं तुमी बसता. तिच्यापाशी कोनी नाही बसत."

मालकिणीनं बोलायला तोंड उघडलं, पण सरोता खाली ठेवल्याचा आवाज आधी आला.

"मी येतो बसाले," सगुणा म्हणाली.

लग्न माघात झालं. मांडवात सगुणा आत्याचा मान घेऊन पुढे बसली आणि मालकीण तिच्या मागे, कारण पुढे जागा उरली नव्हती. त्या उन्हाळ्यात मी, सगुणा आणि मालकीण एसटीनं आंबागडला गेलो. किल्ल्याची टेकडी उन्हात तापलेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. नव्या व्याह्यांच्या अंगणात सगळे स्वागताला उभे होते. सगुणानं सगळ्यांना हात जोडले आणि ती सरळ घराला वळसा घालून गोठ्याकडून मागच्या दाराला गेली. आम्ही तिच्या मागे.

आतल्या खोलीत एक बाई भिंतीकडे तोंड करून बसली होती. सगुणा तिच्यापासून थोडी दूर बसली. सरोता काढला. मुलाची आई गडवा भरून पाणी घेऊन आली. मालकिणीचा घसा कोरडा पडला होता, तिनं लगबगीनं हात पुढे केला. सगुणानं तो हात धरून खाली ठेवला.

"आमी हिच्या पाहुण्या आहोन," ती म्हणाली. "ही देईल तं पिऊ."

मालकिणीनं मुकाट्यानं हात मांडीवर घेतला. मग माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, आता मेलो तहानेनं. आणि ओठांवर पदर दाबून ती हसू लागली, अंग गदगदा हलेपर्यंत. माझ्या भुजलीला मी इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं.